भिंतीची पेज

नांदवेल शहरात शुक्रवार हा भिंतींना जेवू घालायचा दिवस होता. सकाळी नळाला पाणी आलं की घराघरातून पंपांची फुसफुस सुरू होई. महापालिका दर महिन्याला प्रत्येक घराला एक पिशवी द्यायची. तिच्यातली पांढरी पूड पाण्यात कालवली की ताकासारख्या आंबूस वासाचं पाणी तयार होई. ते फवारणीच्या पंपात भरायचं आणि छतापासून खालपर्यंत सगळ्या भिंतींवर हलक्या हातानं मारायचं. पिशवीवर ‘सजीव काँक्रीटसाठी खुराक’ असं छापलेलं असे, पण लोक त्याला पेज म्हणत. शुक्रवारी जिन्यात कुणी भेटलं की “पेज घातली का?” एवढंच विचारायचं, असा रिवाज पडून गेला होता.

तळमजल्यावरच्या वृषालीताई सबनीस होळीपासून पेज घालत नव्हत्या. शेजारी ऐकू जावं म्हणून त्या रिकामाच पंप दहा मिनिटं मारत आणि मग तो गॅलरीत ठेवून चहा करायला जात.

या भिंतींची हकिकत अशी. पाच वर्षांपूर्वीच्या भूकंपात नांदवेलची नदीकाठची जमीन हलता हलता चिखलासारखी मऊ झाली आणि इमारतींचे खालचे मजले तिच्यात बुडाले. वरचा ढिगारा उपसता आला. आत गेलेलं मात्र काढता येईना, कारण एका ठिकाणी खणलं की शेजारची जमीन सरकायची. सरकारनं वरच्या पठारावर नवं शहर वसवायचं ठरवलं. नकाशे झाले, रस्ते आखले गेले, पण तिथं जायला एकही माणूस तयार होईना. लोक रोज सकाळी छावणीतून उठून आपापल्या गल्लीच्या जागेवर येऊन बसत. कुणी समजवायला आलं तर म्हणत, “आमची माणसं इथं आहेत.” जगात दुसरीकडे कुणी असा हट्ट धरला असता की नाही, कोण जाणे. शेवटी सरकारनं हात टेकले आणि ढिगाऱ्यावरच शहर उभं राहील असा काही उपाय आहे का, हे शास्त्रज्ञांना विचारलं.

उपाय होता. काही जीवाणू असे असतात की ते काँक्रीटच्या पोटात, अन्नपाण्यावाचून, वर्षानुवर्षं झोपून राहतात. भिंतीला तडा गेला आणि त्यातून हवा-पाणी आत शिरलं की ते जागे होतात. त्यांना कॅल्शियम असलेलं अन्न मिळालं की ते खातात आणि शरीराबाहेर चुनखडी टाकतात. त्या चुनखडीनं तडा बुजतो, आणि ते पुन्हा झोपी जातात. नांदवेलसाठी त्यांची एक नवी जात तयार केली गेली. तिचं नाव ‘सांधक’. सांधक एकटे राहत नाहीत. ते केसाहून बारीक तंतू काढून एकमेकांना जोडले जातात, आणि मुंग्या जशा रांगेनं साखर नेतात तसं या तंतूंवरून अन्न जिथं भेग असेल तिथं पोचवतात. आधी ते जमिनीत सोडले गेले. त्यांनी बुडालेला ढिगारा बांधून दगडासारखा एकजीव केला. मग त्या पायावर, ज्याच्या त्याच्या गल्लीच्याच जागी, त्याच सांधकांच्या भिंतींची घरं उठली. त्यानंतर नांदवेलला लहानमोठे कितीतरी धक्के बसले. भिंतींना केसाएवढे तडे जात आणि आठवड्याभरात मिटून जात. परदेशातून लोक बघायला येत.

भिंत कुठल्याही खुणेला जखम समजल्याशिवाय राहत नसे, ही गोष्ट मात्र नकाशात कुठे लिहिलेली नव्हती.

खिळा ठोकला तर काही दिवसांत तो बाहेर ढकलला जाई, मांसात रुतलेला काटा शरीर बाहेर ढकलतं तसा. पेन्सिलची रेघ, कपाट सरकवताना पडलेला ओरखडा, काही राहत नसे. वृषालीताईंना जुन्या तेलीगल्लीतल्या भिंती आठवत. तिथं भिंतीवरून माणूस कळायचं. सबनीसांच्या बाहेरच्या खोलीत, आरामखुर्चीच्या मागं, वृषालीताईंच्या यजमानांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता. ते गेले तरी डाग राहिला, आणि रंगकाम काढलं तेव्हा त्यांनी रंगाऱ्याला तेवढी जागा सोडून रंग द्यायला लावला होता. देवाच्या कोनाड्यावर समईच्या काजळीची जीभ होती. आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ओजसच्या उंचीच्या रेघा होत्या.

श्रावणातल्या शुक्रवारी आया जिवतीची पूजा करतात. जिवती म्हणजे मुलांना जपणारी देवी. तिच्या चित्राचा कागद भिंतीला लावायचा, आघाड्याची आणि दुर्वांची माळ घालायची, दूध-साखरेचा नैवेद्य दाखवायचा आणि मुलांना ओवाळून त्यांच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या. मूल बाहेरगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या, म्हणजे ते जिथं असेल तिथं पोचतात. सबनीसांकडे ओवाळून झालं की ओजसला भिंतीशी उभं करून रेघ मारायची, अशी पद्धत पडली होती. पहिली रेघ गुडघ्याएवढी होती. तेव्हा तो भिंतीला धरून नुकता उभा राहायला लागला होता आणि उभा राहिला की भिंतीचा पापुद्रा चाटत बसे. शेवटची रेघ वृषालीताईंच्या हाताच्या पार वर गेली होती. अडतीस वर्षांचा झाला तरी तो ओवाळताना मुद्दाम वाकत नसे. “पोचतोय का हात बघ,” म्हणत ताठ उभा राही.

भूकंप झाला तेव्हा तो रात्रपाळी करून झोपला होता. वृषालीताई भाजी आणायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा गल्ली नव्हती. तो सापडला नाही. त्यामुळे गेली चार वर्षं श्रावण आला की त्यांना एकच अडचण पडे. मूल समोर नाही हे खरं, पण ते बाहेरगावीही गेलेलं नाही. अक्षता टाकायच्या कुठे?

होळीच्या सुमाराला एका दुपारी त्यांनी भाजीची सुरी घेतली आणि नव्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आठवणीनं सगळ्या रेघा कोरल्या, गुडघ्यापासून हात पोचत नाही तिथपर्यंत. वरच्यांसाठी स्टुलावर चढल्या. पुढच्या शुक्रवारी रेघा बुजल्या. त्यांनी पुन्हा कोरल्या. मग त्यांना सुचलं की भिंत उपाशी असेल तर बुजवणार कशानं? तेव्हापासून पेज बंद झाली.

तरी रेघा बुजल्याच. जरा सावकाश बुजल्या, आणि करड्या भिंतीवर त्या जागा पांढऱ्याशुभ्र दिसू लागल्या. कोरलेल्यापेक्षा आता त्या जास्त ठळक होत्या. वृषालीताईंना हे बरंच वाटलं.

आषाढात डॉ. इरा शेट्ये तपासणीला आली. सांधकांची नांदवेलची जात तिनंच तयार केली होती आणि दर तीन महिन्यांनी ती घरोघर फिरून भिंती बघायची. लोक तिला भिंतीची डॉक्टर म्हणत.

“काकू, भिंत उपाशी आहे तुमची,” तिनं हाताची पाठ भिंतीला लावून सांगितलं.

“ताप वगैरे आहे का तिला?”

“चेष्टा नका करू. पंप मारता ना?”

“मारते की. वरच्या स्नेहलला विचार.”

स्नेहल गुरव त्या वेळी तिथंच होती. ती वरच्या मजल्यावर मुलीबरोबर राहायची. मुलगी ईश्वरी इस्पितळात कामाला होती आणि तिचा आठ महिन्यांचा मल्हार दुपारभर वृषालीताईंकडे असायचा. स्नेहल त्याला सोडायला आली होती.

“मारतात, पण रिकामा मारतात,” स्नेहल म्हणाली. “भरलेला पंप जड वाजतो हो, वृषालीताई. आम्हाला काय कान नाहीत?”

इराला हसू आलं. मग तिची नजर दाराशेजारच्या रेघांवर गेली आणि हसू थांबलं. “खुराक नाही, तर हे बुजलं कशानं?” ती स्वतःशीच म्हणाली. तिनं पिशवीतून केस वाळवायच्या यंत्रासारखं एक उपकरण काढलं. ते रोखलं की समोरच्या वस्तूत कुठली मूलद्रव्यं आहेत ते पडद्यावर उमटायचं. तिनं ते एका रेघेवर धरलं, मग दुसऱ्या, मग सगळ्यात खालच्या. आकडे बघून ती स्टुलावर बसली.

“काय झालं गं?”

“काकू, सांधकांना वरून अन्न मिळालं नाही की ते तंतूंवरून शोधत जातात. भिंतीतून पायात, पायातून खाली. जिथं कॅल्शियम मिळेल तिथून उचलून आणतात. इतक्या लांब जातील असं आम्हाला वाटलं नव्हतं.”

“मग खाली चुना असेल. जुन्या घरांना चुनाच होता.”

“चुन्यात फॉस्फरस नसतो.” इरा थांबली. “या रेघांमध्ये आहे. फॉस्फरस हाडात असतो.”

खोलीत मल्हारचा आवाज तेवढा येत होता. तो रांगत भिंतीपाशी गेला होता आणि दोन्ही तळवे टेकून उभा राहायच्या खटपटीत होता.

“कुणाचं, ते कळेल?” वृषालीताईंनी विचारलं.

“नाही. दगड झाल्यावर त्यात ओळखायला काही उरत नाही. आणि काकू, माणसाचंच असेल असंही नाही. तेलीगल्लीच्या कोपऱ्यावर मटणाचं दुकान होतं असं जुन्या नकाशात आहे.”

“होतं. मुजावरांचं,” स्नेहल म्हणाली. “म्हणजे पुढच्या महिन्यात आम्ही बोकडाला ओवाळायचं का?”

मल्हार उभा राहिला होता आणि गुडघ्याएवढ्या रेघेला जीभ लावत होता. इरानं त्याला उचललं.

“पोटात गेलं तर काही होईल का त्याला?” वृषालीताईंनी विचारलं.

“अपाय नाही. शेवटी कॅल्शियमच. हाडात जाईल, दातात जाईल. पण चाटू देऊ नका.” ती जाताना दारात घुटमळली. “हे सध्या कुणाला सांगू नका. मला खात्री करून घेऊ दे. आणि पेज घाला. सगळ्यांच्या भिंती खालून एकच आहेत.”

वृषालीताईंनी कुणालाच सांगितलं नाही. स्नेहललाही गप्प राहायला सांगितलं. स्नेहल गप्प राहिली असं तिचं म्हणणं. पण आठवड्याभरात समोरच्या इमारतीतले एक म्हातारे गृहस्थ सुरी आणून वृषालीताईंना विचारून गेले की किती खोल कोरायचं. मग शहरभर पंप रिकामे वाजू लागले. ज्याला जे माप आठवत होतं ते तो कोरत होता. कुणी बायकोच्या कपाळाची उंची, कुणी मुलीच्या वेणीची लांबी. शाळेच्या नव्या भिंतीवर एका बाईंनी ओळीनं रेघा मारल्या, वर्ग रांगेत उभा असावा तशा. तिकडे कुणी मोठ्यानं बोलत नसे.

एकदा वृषालीताई स्नेहलकडे वाटीभर विरजण मागायला गेल्या, तेव्हा खाटेमागं त्यांना एक आडवी पांढरी रेघ दिसली. फार खाली होती ती.

“बसलेले असायचे ना आमचे हे सदा,” स्नेहल म्हणाली. “पत्ते सोडून उभे कधी राहिले होते?” आणि तिनं खाट पुन्हा भिंतीला सरकवली.

वृषालीताईंना ते दिवस सुखाचे गेले असं म्हणायला हरकत नाही. रोज दुपारी त्या मल्हारला मांडीवर झोपवत आणि रेघांना पाठ टेकून बसत. मटणाच्या दुकानाचा विचार त्यांच्या मनात येई आणि जाई. खाली गल्लीत एकेचाळीस माणसं होती. त्यातला ओजस एक. तरी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पाठीला कुणीतरी आहे असं वाटत होतं. मल्हारला त्या रेघेपासून दूर ठेवायचं त्यांच्या लक्षात असे. कधी नसे.

श्रावण लागला आणि इरा पुन्हा आली. या वेळी तिच्याजवळ उपकरण नव्हतं.

“काकू, पाया पोकळ होतोय.”

वृषालीताईंनी तिला पाणी दिलं.

“हाडं कितीशी असणार? ती संपत आली. आता सांधक पायातलीच चुनखडी उचलून वर रेघांमध्ये आणून भरताहेत. जिनं शहर बांधून ठेवलंय तीच. पुढचा मोठा धक्का बसला तर घरं राहणार नाहीत. मी घरोघर सांगून आले. लोक चहा देतात, ऐकून घेतात आणि पंप रिकामा मारतात.”

“मग मी काय करू?”

“तुम्ही भरलेला मारा. हे तुमच्यापासून सुरू झालं. तुम्ही मारलात तर बाकीचे मारतील.”

“आणि रेघा?”

“खुराकाच्या चुन्यानं भरतील. भिंतीच्या रंगाच्या होतील. काही दिसणार नाही.”

“तुझं कुणी होतं का गं खाली?”

“नाही.”

“म्हणून तुला सांगता येतंय,” वृषालीताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेवढ्यात वरच्या लादीवर थप थप असा आवाज आला. मल्हार तळवे आपटत रांगत होता. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, आणि दोघी वर छताकडे बघत राहिल्या.

“डोक्यावर तो आहे,” इरा म्हणाली.

“दिसतंय मला ते.”

शुक्रवारी नळाला पाणी आल्यावर वृषालीताईंनी साठलेल्या पिशव्यांमधली एक फोडली. पूड कालवली, पंप भरला आणि घराचं दार सताड उघडं ठेवून मारायला सुरुवात केली. बाहेरच्या खोलीपासून धरलं. दाराशेजारची भिंत शेवटी घेतली. भरलेला पंप जड वाजत होता. जिन्यात कुणाची तरी पावलं थांबली. मग वरच्या मजल्यावर बादलीचा आवाज झाला, मग समोरच्या इमारतीत. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत आंबूस वास पसरला होता. दोन-तीन आठवड्यांत शहरभर तेच झालं. पाया सावरत असल्याचं इरानं फोनवर सांगितलं. ती एकदा “थँक यू, काकू” म्हणाली.

श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी दाराशेजारची भिंत वरपासून खालपर्यंत करडी आणि गुळगुळीत होती. बोट फिरवलं तरी कुठं अडत नव्हतं. वृषालीताईंनी जिवतीचा कागद पाटावर ठेवून भिंतीला नुसता टेकवला. आघाडा-दुर्वांची माळ घातली, दूध-साखर ठेवली. मल्हार समोर बसून फुटाण्यांच्या वाटीकडे झेपावत होता. त्यांनी वाटी दूर करायला हात पुढं केला, आणि त्यानं त्यांचं बोट तोंडात घातलं.

बोटाला काहीतरी टोचलं.

त्यांनी त्याचा खालचा ओठ हळूच दुमडून पाहिलं. हिरडीतून तांदळाच्या कणीएवढा दात वर आला होता. पांढराशुभ्र होता. असा पांढरा रंग त्यांनी दाराशेजारी चार महिने रोज पाहिला होता.

त्यांनी ताम्हनातले कणकेचे दिवे लावले, मल्हारला ओवाळलं आणि त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. यंदा त्यांना दिशांचा विचार करावा लागला नाही. हात अगदी सहज पोचला.

“पोचला बघ हात, ओजस,” त्या म्हणाल्या.

स्नेहल दारात उभी होती.

“काय चाललंय दोघांचं?”

“दात आलाय.”

“अगंबाई, बघू,” म्हणत स्नेहल खाली बसली. तिनं बोट घालून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. “ईश्वरीला फोन करायला हवा. किती दिवस वाट बघतेय.” मग तिचं लक्ष ताम्हनाकडे गेलं. “काय म्हणून हाक मारलीत त्याला?”

वृषालीताईंनी दिव्याची वात सारखी केली.

“तो खालची रेघ चाटायचा,” त्या म्हणाल्या. “इरा म्हणाली होती ना, दातात जातं म्हणून.”

स्नेहलनं मल्हारला जवळ ओढलं. त्याच्या जावळात अडकलेल्या अक्षता ती एकेक करून वेचू लागली. वेचलेल्या ताम्हनात परत ठेवत होती. सगळ्या वेचून झाल्या तेव्हा ती उठली.

“वृषालीताई, हा आमचा आहे हं,” ती म्हणाली.

“मी कुठं नाही म्हणते?”

“माझ्याही खाटेमागं रेघ होती. तिथंही जायचा तो.” तिनं मल्हारच्या डोक्यावरून हात फिरवला. “म्हणून सांगते. एकदा का असं मोजायला लागलो, की कुणाकुणाचा म्हणायचा त्याला? त्याला त्याचा राहू दे.”

तिनं मल्हारला कडेवर घेतलं. तो वृषालीताईंच्या खांद्याकडे हात करत होता. जिन्यातून त्याचं रडणं वर वर गेलं आणि मग दार लागलं. ईश्वरीनं दुपारची ड्यूटी बदलून घेतल्याचं दोन दिवसांनी त्यांना जिन्यात कळलं. स्नेहल आवर्जून थांबून बोलली, तब्येतीची चौकशी केली, पेज घातली का तेही विचारलं.

पण त्या शुक्रवारी दार लागल्यावर वृषालीताई तशाच पाटासमोर बसून होत्या. दिवे विझायला आले. मग त्या उठल्या आणि त्यांनी मुठीत उरलेल्या अक्षता घेतल्या. खिडकीकडे टाकल्या, दाराकडे टाकल्या, गॅलरीत ठेवलेल्या पंपाच्या दिशेला टाकल्या, गुळगुळीत भिंतीवर टाकल्या. चारी दिशा झाल्या. मुठीत अजून थोड्या शिल्लक होत्या. डोक्यावर थप थप असा आवाज सुरू झाला. तो या टोकापासून त्या टोकाला गेला, आणि बरोबर त्यांच्या माथ्यावर येऊन थांबला.

त्यांनी हात जितका पोचेल तितका वर नेला आणि उरलेल्या अक्षता छताकडे उडवल्या. त्या सगळ्या त्यांच्याच केसांत परत पडल्या.